बंदूक: अवजार की ऐवज?

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिक, महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेची पात्रता फेरी. मनू भाकर तेव्हा १९ वर्षांची होती. फेरी सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता आणि तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. ते दुरुस्त होऊन ती पुन्हा जागेवर उभी राहीपर्यंत पाव तासाहून जास्त वेळ गेला. घड्याळ मात्र चालूच होतं. उरलेले शॉट तिला घाईनं मारावे लागले. ५७५ गुण झाले, बारावा क्रमांक आला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

तेव्हा अनेकांनी विचारलं, दुसरं पिस्तूल का नाही घेतलं? प्रश्न बरोबर होता, पण तो अवजाराबद्दलचा होता. पाना मोडला की आपण शेजाऱ्याचा पाना मागून आणतो. नेमबाजाचं पिस्तूल तसं मागून आणता येत नाही. त्याची मूठ लाकूड कोरून, कानस मारून, कुठे लुगदी भरून एकाच हाताच्या मापाची केलेली असते. मग ते पिस्तूल अवजार आहे की जीव लावून जपलेला ऐवज? आणि ज्या देशात बहुतेक लोकांनी खरी बंदूक कधी हातात घेतलेली नाही, तिथे हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा का व्हावा? उत्तर शोधताना मी खेळातून इतिहासात जाऊन पोचलो.

एकच शब्द, दोन कामं

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. मराठीत सुताराची हत्यारं असतात, न्हाव्याची हत्यारं असतात आणि पोलिसांच्या पंचनाम्यात 'धारदार हत्यार'ही असतं. रंधा आणि तलवार यांना एकच शब्द पुरतो. खंडेनवमीला तर दोघांची पूजाही एकाच ताटातून होते. वाड्यात तलवारी मांडल्या जातात, गॅरेजमध्ये पाने मांडले जातात, छापखान्यात मशीनला झेंडूची माळ पडते, एसटीच्या गाडीला हार चढतो. लष्करातही दसऱ्याला शस्त्रपूजन होतं.

या पूजेतली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. लष्करात ज्या रायफलला हळदकुंकू लागतं, ती जवानाच्या मालकीची नसते. काम झालं की ती कोतात जमा होते. एसटी ड्रायव्हर जिला हार घालतो ती गाडी त्याची नसते. म्हणजे आपल्याकडे पूजेचा मालकीशी फारसा संबंध नाही. जे हाताला काम देतं, पोटाला अन्न देतं, त्याची आपण वर्षातून एकदा पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा कामाला लावतो. पोळ्याला बैल सजवतो आणि नंतर त्याच बैलाला औताला जुंपतो, तसंच हे.

म्हणून 'अवजार की ऐवज' ही जोडी आपल्याला थोडी परकी वाटायला हवी. अवजाराला मान देण्याची सोय आपल्याकडे आधीपासून होती. बंदुकीच्या बाबतीत ही सोय बिघडली, आणि माझ्या मते ती बिघडवण्यात मोठा हात कायद्याचा होता.

परवान्याने मोठी झालेली बंदूक

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, शस्त्र कायदा आला. आता हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना हवा. युरोपियनांना मात्र यातून सूट होती. ज्या व्हाइसरॉयनं देशी भाषांमधल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा कायदा केला, त्यानंच त्याच वर्षी हातही रिकामे केले.

या कायद्यानं देशातल्या बंदुका कमी केल्याच, शिवाय बंदुकीचा अर्थही बदलला. तोवर ठासणीची बंदूक म्हणजे रानडुकरापासून शेत राखायची, वाटेवर सोबत न्यायची, गावच्या लोहारानं दुरुस्त करायची वस्तू होती. आता ती ज्याच्याकडे आहे तो सरकारच्या मर्जीतला माणूस ठरला. पाटील, इनामदार, रावबहादूर यांच्या बैठकीत भिंतीवर टांगलेली बंदूक 'साहेबाचा माझ्यावर विश्वास आहे' हे न बोलता सांगायची. तिच्यातून गोळी सुटते की नाही, हा प्रश्न दुय्यम झाला.

वरच्या टोकाला संस्थानिक होते. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांना हिंदुस्थानातल्या राजांकडून मोठी गिऱ्हाइकी मिळाली. सोन्याचांदीचं नक्षीकाम, राजचिन्हं, मखमलीच्या पेट्या. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शिकारीची शस्त्रं आणि पेंढा भरलेले प्राणी आजही बघायला मिळतात. तिथे बंदूक हा सरळसरळ ऐवज आहे.

पण राजवैभवाची शोभाही किती टिकते? विजापूरच्या बुरुजावरची मुलूख-मैदान तोफ घ्या. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली. तिच्या तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह कोरलेला आहे. आदिलशाही गेली, तोफेचं काम संपलं. १८५४ साली इंग्रजांनी ती लिलावात काढली, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. तो सौदा रद्द झाला म्हणून तोफ वाचली. आज आपण तिच्यापुढे फोटो काढतो. एकच वस्तू आधी शस्त्र, मग भंगार, मग वारसा. तोफेत काहीच बदललं नव्हतं, बदलली ती बघणाऱ्यांची गरज.

कॉर्बेटच्या दोन बंदुका

शिकारकथा वाचत मोठं झालेल्या मराठी वाचकाला जिम कॉर्बेट माहीत असतोच. त्याच्या दोन बंदुकांची गोष्ट इथे उपयोगी आहे.

पहिली त्याच्या लहानपणची. दुनळी, तोंडानं भरायची. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता तारेनं आवळून बांधलेला होता. त्या मोडक्या बंदुकीनं त्याला जंगलात दबकत चालायला, वाट बघायला आणि शॉट वाया न घालवायला शिकवलं. एकच नळी चालते आणि दारू मोजकी आहे, म्हटल्यावर दुसरं काय करणार?

दुसरी .२७५ बोअरची रिग्बी रायफल. १९०७ साली त्यानं चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरनं ती भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. म्हणजे ही रायफल जन्मापासूनच बक्षीस होती, कपाटात काचेमागे ठेवायला अगदी योग्य. कॉर्बेटनं मात्र ती खांद्यावर घेतली आणि वर्षानुवर्षं कुमाऊँच्या डोंगरांत वापरली. पुढे ती बनवणाऱ्या कंपनीनंच ती विकत घेतली आणि २०१६ साली पुन्हा भारतात फिरवून आणली. बक्षीस मिळालेली रायफल त्यानं अवजार म्हणून वापरली आणि शेवटी आपण तिचा ऐवज केला. वस्तूचं नशीब ती कशी बनली यापेक्षा कुणाच्या हातात पडली यावर जास्त ठरतं, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलं नाही.

अहिंसावाद्यांची बंदूक

शाळेच्या इतिहासात फारशी न येणारी एक गोष्ट सांगतो. शस्त्र कायदा सौम्य करा, ही काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या मागण्यांपैकी एक होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही होता. गांधीजी त्या अधिवेशनात हजर होते. ज्या चळवळीनं बंदूक हाती घेतली नाही, तिनं बंदुकीचा हक्क मागितला, याचं कारण समजायला सोपं आहे. बंदी सगळ्यांवर सारखी नव्हती. गोऱ्यांना एक नियम आणि काळ्यांना दुसरा, हा अपमान होता. भांडण वस्तूसाठी कमी आणि मानासाठी जास्त होतं.

मग स्वतंत्र भारताचं संविधान लिहिताना, डिसेंबर १९४८ मध्ये, ह. वि. कामत यांनी शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. १९५९ साली नवा शस्त्र कायदा आला, तरी परवान्याची चौकट कायम राहिली. मला हा निर्णय योग्य वाटतो. परक्या सरकारनं हिरावलेला मान परत मिळवणं वेगळं आणि घराघरात पिस्तूल असणं वेगळं. पण त्याची एक किंमत होती. बंदूक दुर्मीळ राहिली, म्हणून प्रतिष्ठेचीही राहिली. १९८० च्या दशकात सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं बंद झालं, तेव्हा तर आजोबांची जुनी विलायती बंदूक तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट मोलाची झाली. वस्तू जुनी होत गेली आणि भाव चढत गेला. कुठल्याही अवजाराच्या बाबतीत असं होत नाही.

याच काळात बंदुकीला एक तिसरी वाट मिळाली. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष आणि गांधीजींचे अनुयायी. आजही नवा नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढतो ती मावळंकरांच्या नावाच्या स्पर्धेतून. अहिंसेच्या वाटेवर चाललेल्या माणसाचं नाव नेमबाजीच्या स्पर्धेला असणं मला विसंगत वाटत नाही. ज्या बंदुकीपुढे कागदाशिवाय काही नसतं, तिच्याशी गांधीवाद्याचं भांडण कशाला असेल?

कोडगूची फुलं, कोकणातली डुकरं

देशातल्या एका कोपऱ्यात मात्र परवान्याची गोष्ट वेगळी घडली. कोडगूच्या कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना १८६१ पासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. इंग्रजांनी ती निष्ठेचं बक्षीस म्हणून दिली. स्वतंत्र भारतातही ती चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्रानं ती आणखी दहा वर्षांनी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तिला दिलेलं आव्हान फेटाळलं.

तिथे बंदूक घरातल्या माणसासारखी आहे. मुलगा जन्मला की एक बार काढायचा, माणूस गेला की दोन. नव्या भाताची पहिली पेंढी कापताना बार. भातलावणीच्या दिवसांत शस्त्रं देवघरात ठेवायची, कारण तेव्हा हात चिखलात हवेत. लावणी संपली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोद सण येतो. बंदुका बाहेर काढून पुसतात, त्यांना फुलं वाहतात, पूजा करतात आणि मग पिकाची राखण करायला त्या पुन्हा हातात घेतात. जे फूल वाहतात त्याला तिथे बंदुकीचं फूल, 'तोक पू' म्हणतात. आपण त्याच फुलाला कळलावी म्हणतो. एकच फूल, तिकडे बंदुकीचा दागिना आणि इकडे भांडण लावणारं! दोन समाजांचा बंदुकीकडे बघण्याचा फरक या दोन नावांत मावतो, असं मला गमतीनं वाटतं.

पण आपल्याकडेही बंदूक अवजार म्हणून जिवंत आहे. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीच्या संरक्षणासाठी परवाने दिले जातात. रात्री डुकरं भातात शिरतात, माकडं बागा उजाड करतात, गवे येतात. वन्यजीव कायद्यानं मारायला बंदी आहे, परवानगीची प्रक्रिया आहे, पण बारानुसता आवाज तरी काढता येतो. या बंदुकीला नक्षी नसते. तिचा दस्ता घामानं काळा पडलेला असतो.

तिची किंमत कळते ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. नियमांत छाननी समिती आहे, कुणाची बंदूक घ्यायची हे प्रकरण बघून ठरवायचं असतं, तरी शेतकऱ्याला खेटे घालावेच लागतात. हुकूम काढणाऱ्याला प्रत्येक बंदुकीत दहशत दिसते, शेतकऱ्याला पिकावरची राखण दिसते. दोघंही आपापल्या जागी अगदी चूक नाहीत. पण निवडणूक भात कापायच्या दिवसांत आली, तर डुक्कर आचारसंहिता पाळत नाही.

तिसरी वाट

आता पुन्हा खेळाकडे येऊ. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं होतं. राही सरनोबत त्याच शहरातली. ज्या कोल्हापूरच्या राजवाड्यात शिकारीच्या बंदुका काचेमागे आहेत, त्याच जिल्ह्यातल्या साध्या घरांतल्या मुलामुलींनी रायफल आणि पिस्तूल हाती घेऊन जग जिंकलं. बंदुकीचा वारसा घरात असावा लागतो, हा समज इथेच मोडतो.

या नेमबाजांचं बंदुकीशी नातं कसं असतं? ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. इतक्या बारकाव्यात प्रत्येक नळीला 'पचणारी' गोळी वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या गोळ्या, पण उत्पादनाचा लॉट बदलला की निकाल बदलतो. म्हणून रायफल शिकंजात घट्ट धरून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि ज्यांची छिद्रं सर्वांत जवळजवळ पडतील तो लॉट विकत घेतात. गालाचा आधार, खांद्याचा टेकू, ट्रिगरचं अंतर हे सगळं शरीराच्या मापाचं. आणि इतकं करूनही बॅरल झिजलं की ते बदलायचं, नवी रायफल आली की जुनी बाजूला ठेवायची. तिथे हळवेपणाला जागा नाही.

हे नातं तबलजीच्या आणि तबल्याच्या नात्यासारखं आहे. तबलजी वाद्याला नमस्कार केल्याशिवाय बसत नाही, दुसऱ्याचा पाय लागू देत नाही आणि शाई उतरली की पुडी बदलायला क्षणभर थांबत नाही. त्याला तबल्याबद्दल आदर आहे, पण त्याची ओढ नादाकडे आहे. नेमबाजाची ओढही ठिपक्याकडे असते. टोकियोत पिस्तूल बिघडलेली मनू भाकर तीन वर्षांनी पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली. आपलं नातं वस्तूशी नसून कामाशी आहे, हे ज्याला कळलं तोच एवढ्या मोठ्या बिघाडातून उभा राहतो.

दागिना झालेली बंदूक

मग धोका कुठे आहे? २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. तोवर एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. सरकारनं आधी ही मर्यादा एकवर आणायचं ठरवलं होतं. विरोध झाला. वडिलोपार्जित बंदुकांचं काय करायचं, आजोबांची आठवण सरकारजमा करायची का, असे प्रश्न आले आणि मर्यादा दोनवर थांबली. खेळाडूंना वेगळी सवलत राहिली. वारशाचा तो मुद्दा मला खोटा वाटत नाही. आजोबांचा हात लागलेली वस्तू सोडवत नाही, मग ती बंदूक असो वा पानपुडा.

पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं. लग्नात, वरातीत, मंदिरात आनंदानं हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असं कलम करावं लागलं, कारण वरातीत लोक मरत होते. कोडगूतला जन्माचा बार आणि वरातीतला बार वरवर सारखे दिसतात. पहिल्याला जागा, वेळ आणि संख्या ठरलेली आहे. दुसऱ्यात बंदूक मनगटावरच्या सोन्याच्या कड्यासारखी मिरवायची असते, आणि कड्यातून गोळी सुटत नाही हे मिरवणारा विसरतो.

म्हणून आता माझा मूळ प्रश्नच मला अपुरा वाटतो. बंदुकीला जीव लावण्यात वाईट काही नाही. कोडगूचा शेतकरी लावतो, कोकणातला लावतो, नेमबाज लावतो. तिघांनाही ती कधी हातात घ्यायची आणि कधी खाली ठेवायची हे ठाऊक असतं, कारण तिचं काम त्यांना ठाऊक असतं. जिचं काही कामच उरलेलं नाही आणि तरी जी रोज मिरवायला लागते, ती बंदूक मात्र भीतिदायक आहे. शस्त्राचा परवाना देताना 'हे तुम्हाला कशासाठी हवं आहे?' असा प्रश्न विचारला जातो. दीडशे वर्षं आपण तो सरकारी प्रश्न समजत आलो. खरं तर हत्यार हातात घेणाऱ्यानं तो आधी स्वतःला विचारायला हवा.